व्हॅलीस्पीक

व्हॅलीस्पीक ही अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, लॉस एंजेलस शहराच्या सान फर्नांडो खोऱ्यातील किशोरवयीन मुलींच्या बोलण्यावरून ओळखली जाणारी इंग्रजीची एक गटबोली होय. इ.स. १९७० च्या दशकात आकारास आलेली ही बोली इ.स. १९८२ आणि १९८३ या दोन वर्षांत एक गाणे, काही चित्रपट आणि दूरचित्रवाणी मालिका यांच्यामुळे अमेरिकाभर गाजली. त्यानंतर अवघ्या काही वर्षांत तिचा खास शब्दसंग्रह मागे पडला. आज ती मुख्यतः त्या काळातील पौगंडावस्थेवरील चित्रपटांमुळे स्मरणात आहे. तथापि तिच्यातील काही वाक्यरचना आणि बोलण्याचा सूर इंग्रजीत टिकून राहिला. 'शब्द गेले, पण वळण राहिले' अशा या प्रवासामुळे समाजभाषाविज्ञानात या बोलीचे उदाहरण वारंवार दिले जाते.

नाव

'व्हॅली' म्हणजे खोरे आणि 'स्पीक' म्हणजे बोलणे. या दोन शब्दांच्या जोडातून 'व्हॅलीस्पीक' हे नाव तयार झाले. 'व्हॅलस्पीक' असे त्याचे संक्षिप्त रूपही रूढ आहे. ही बोली बोलणाऱ्या मुलीला 'व्हॅली गर्ल' किंवा नुसतेच 'व्हॅल' म्हटले जाई. या नावात भौगोलिक निर्देशाबरोबर थट्टेचीही छटा होती. खरेदी, कपडे, केशरचना आणि मैत्रिणींमधील गप्पा यांपलीकडे जिला काही सुचत नाही, अशी सुखवस्तू घरातील मुलगी हे चित्र त्या नावाबरोबर डोळ्यांपुढे उभे केले जाई.

भौगोलिक व सामाजिक पार्श्वभूमी

सान फर्नांडो खोरे लॉस एंजेलसच्या उत्तर भागात आहे. सांता मोनिका पर्वतरांगेमुळे ते हॉलिवूड, बेव्हर्ली हिल्स आणि समुद्रकिनाऱ्याकडील वस्तीपासून वेगळे पडते. इ.स. १९१३ मध्ये लॉस एंजेलसला पाणी पुरवणारा मोठा कालवा पूर्ण झाला आणि इ.स. १९१५ मध्ये खोऱ्याचा बराचसा भाग शहरात समाविष्ट झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर येथील शेती व फळबागा हटून त्या जागी एकमजली घरे, रुंद रस्ते आणि शाळा आल्या. एन्सिनो, शर्मन ओक्स, टार्झाना, रिसीडा, व्हॅन नाइस ही खोऱ्यातील काही परिचित नावे होत.

डोंगराच्या दक्षिणेकडील लोकांच्या लेखी खोरे म्हणजे एकसुरी, नवश्रीमंत आणि अभिरुचीत मागासलेला भाग. प्रत्यक्षात खोऱ्यात अनेक वंशांचे आणि आर्थिक स्तरांचे लोक राहत होते. पकोइमासारख्या भागात मेक्सिकन वंशाच्या कष्टकरी कुटुंबांची मोठी वस्ती होती. व्हॅलीस्पीकशी मात्र जोडली गेली ती प्रामुख्याने गोऱ्या, मध्यम व उच्च मध्यमवर्गीय घरांतील मुलींची प्रतिमा.

या मुलींच्या सामाजिक जीवनाचे एक केंद्र म्हणजे मॉल. उपनगरी वस्तीत चालत जाऊन भेटण्याजोग्या जागा थोड्या होत्या. मोठ्यांची देखरेख नसलेली, वातानुकूलित आणि सुरक्षित अशी जागा मॉलमुळे मिळाली. इ.स. १९८० मध्ये सुरू झालेला शर्मन ओक्स गॅलेरिया हा मॉल या बोलीचे प्रतीकस्थान ठरला. निरनिराळ्या शाळांतील मुले-मुली तेथे एकत्र येत आणि शब्द एका गटातून दुसऱ्या गटात जात.

शब्दसंग्रह

व्हॅलीस्पीकमधील सर्वच शब्द खोऱ्यात जन्मलेले नव्हते. त्यांतील अनेक शब्द कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील लाटांवर फळीने स्वार होणाऱ्यांच्या, म्हणजे सर्फिंग करणाऱ्यांच्या बोलीतून आले होते. खोऱ्यातील मुलींनी ते उचलले आणि लाटांशी संबंध नसलेल्या गोष्टींना लावले.

'ट्यूब्युलर' हा शब्द मुळात नळीसारख्या पोकळ आकारात वळणाऱ्या लाटेसाठी होता. अशी लाट सर्फिंगसाठी सर्वोत्तम मानली जाते, म्हणून त्याचा अर्थ 'झकास' असा झाला. 'नार्ली' म्हणजे मुळात गाठीगाठींचे, वेडेवाकडे. धोकादायक लाटेला उद्देशून तो वापरला जाई. पुढे 'भयंकर' आणि 'भन्नाट' असे दोन्ही अर्थ त्याला चिकटले. 'रॅड' हे 'रॅडिकल' या शब्दाचे तोडलेले रूप. 'मोंडो' हा मूळ इटालियन शब्द 'मोंडो काने' (इ.स. १९६२) या चित्रपटाच्या नावामुळे इंग्रजीत आला आणि 'फार मोठे', 'अतिशय' या अर्थाने वापरला गेला.

किळस व्यक्त करणारे शब्द हा या बोलीचा दुसरा ठळक विशेष होता. 'ग्रोडी' हे 'ग्रोटेस्क' या शब्दावरून बनलेले विशेषण 'ओंगळ' या अर्थी येई आणि 'ग्रोडी टू द मॅक्स' म्हणजे 'कमालीचे ओंगळ'. 'गॅग मी विथ अ स्पून' या वाक्प्रयोगाचा शब्दशः अर्थ 'चमचा घशात घालून मला उमासा आणा' असा होतो. आशय एवढाच, की समोरची गोष्ट पाहून शिसारी येते. 'बॅग युअर फेस' म्हणजे 'तोंड पिशवीत घाल'.

तिसरा गट होकार, नकार आणि तिरकस शेऱ्यांचा. 'टोटली' (अगदी, पूर्णपणे) आणि 'फर शुअर' (नक्कीच) हे होकार जवळजवळ प्रत्येक वाक्यात येत. 'आय ॲम शुअर' याचा सरळ अर्थ 'मला खात्री आहे' असा असला, तरी विशिष्ट सुरात म्हटल्यावर तो मराठीतील उपरोधिक 'तर तर!' सारखा उलटा होई. 'ॲज इफ' म्हणजे 'काहीतरीच!', आणि 'व्हॉटेव्हर' म्हणजे 'असेल काही, मला काय त्याचे!'.

रचना आणि उच्चार

या बोलीची खरी ओळख शब्दांपेक्षा वाक्याच्या घडणीत होती. तिचे तीन विशेष सांगितले जातात.

पहिला विशेष म्हणजे 'लाइक' या शब्दाचा वापर. वाक्याच्या आरंभी, मध्ये किंवा एखाद्या संख्येपूर्वी हा शब्द येई. मराठी बोलण्यात विचार जुळवताना 'म्हणजे' हा शब्द जसा वारंवार येतो, तसेच काहीसे त्याचे कार्य होते. ही लकब खोऱ्यातील मुलींनी निर्माण केली, हा समज मात्र खरा नाही. इ.स. १९५० च्या दशकातील जॅझ संगीतप्रेमी आणि 'बीट' पिढीतील तरुणांच्या तोंडी ती होतीच. 'स्कूबी-डू' या इ.स. १९६९ मध्ये सुरू झालेल्या व्यंगचित्र मालिकेतील शॅगी हे पुरुषपात्रही असेच बोलते.

दुसरा विशेष म्हणजे संभाषण सांगताना 'ती म्हणाली' याऐवजी 'शी वॉज लाइक' अशी रचना वापरणे. शब्दशः पाहता तिचा अर्थ 'ती अशी होती' असा होतो. या रचनेनंतर येणारे वाक्य प्रत्यक्ष उच्चारलेलेच असावे लागत नाही. मनातला विचार, चेहऱ्यावरचा भाव किंवा नुसता उद्गारही तिच्यापुढे येऊ शकतो. 'शी वॉज लाइक, नो वे!' याचा आशय 'ती अशी काही बघत होती, की जणू हे शक्यच नाही' असा होतो. 'म्हणणे' या क्रियापदात बसत नाही ते या रचनेत बसते.

तिसरा विशेष म्हणजे साधे विधान करतानाही वाक्याच्या शेवटी प्रश्नासारखा सूर चढवणे. याला इंग्रजीत 'अपटॉक' म्हणतात. ऐकणाऱ्याला वाटे, की बोलणारीला स्वतःच्या विधानाची खात्री नाही. याखेरीज स्वर लांबवणे आणि मागील स्वरांचा उच्चार जीभ पुढे आणून करणे हेही या बोलीत आढळे. उच्चारातील हा बदल एकट्या खोऱ्यापुरता नव्हता. कॅलिफोर्नियाच्या इंग्रजीत होत असलेल्या व्यापक स्वरबदलाचा तो भाग होता.

गाण्यातून प्रसार

इ.स. १९८२ मध्ये संगीतकार फ्रँक झॅपा यांचे 'व्हॅली गर्ल' हे गाणे प्रसिद्ध झाले. त्यातील निवेदन त्यांची मुलगी मून झॅपा हिच्या आवाजात आहे. ती त्या वेळी १४ वर्षांची होती. घरातील ध्वनिमुद्रणगृहात वडिलांनी संगीत दिले आणि मूनने पार्ट्यांत व मॉलमध्ये ऐकलेल्या मुलींची नक्कल उत्स्फूर्तपणे केली. झॅपा कुटुंब स्वतः खोऱ्यात राहत नव्हते. त्यांचे घर डोंगरावरील लॉरेल कॅन्यन भागात होते. म्हणजेच या बोलीचा सर्वाधिक गाजलेला नमुना हा शेजारच्या वस्तीतील एका मुलीने केलेली नक्कल होती.

गाणे अमेरिकेतील 'बिलबोर्ड हॉट १००' या क्रमवारीत ३२ व्या स्थानापर्यंत पोहोचले. झॅपा यांच्या दीर्घ कारकिर्दीत पहिल्या ४० मध्ये गेलेले हे एकमेव गाणे ठरले. त्यांचा हेतू उपहासाचा होता, परिणाम मात्र उलटा झाला. ज्या मुलींनी हे शब्द कधी ऐकले नव्हते, त्यांनी ते गाण्यातून शिकून घेतले. त्याच वर्षी व्यंगचित्रकार मिमी पाँड यांचे 'द व्हॅली गर्ल्स गाइड टू लाइफ' हे विनोदी पुस्तक आले. 'स्क्वेअर पेग्ज' (इ.स. १९८२-८३) या दूरचित्रवाणी मालिकेतही अशी बोली बोलणारे एक पात्र होते.

चित्रपटांतील व्हॅलीस्पीक

'फास्ट टाइम्स ॲट रिजमाँट हाय' हा एमी हेकरलिंग दिग्दर्शित चित्रपट ऑगस्ट १९८२ मध्ये प्रदर्शित झाला. पटकथालेखक कॅमेरन क्रो यांनी विद्यार्थी म्हणून एका माध्यमिक शाळेत वावरून लिहिलेल्या पुस्तकावर तो आधारित होता. मॉलमधील दृश्यांचे चित्रीकरण शर्मन ओक्स गॅलेरियात झाले. शॉन पेन यांनी साकारलेला जेफ स्पिकोली हा सर्फिंगवेडा विद्यार्थी या चित्रपटामुळे प्रसिद्ध झाला. व्हॅलीस्पीकची किनाऱ्यावरील, पुरुषी बाजू त्याच्या बोलण्यातून प्रेक्षकांपर्यंत पोहोचली.

मार्था कूलिज दिग्दर्शित 'व्हॅली गर्ल' हा चित्रपट एप्रिल १९८३ मध्ये आला. त्याला रोखण्यासाठी फ्रँक झॅपा यांनी न्यायालयात दावा दाखल केला होता, परंतु तो यशस्वी झाला नाही. खोऱ्यातील जूली (डेबोरा फोरमन) आणि हॉलिवूडमधील पंक तरुण रँडी (निकोलस केज) यांची ही प्रेमकथा 'रोमिओ अँड ज्यूलिएट' च्या धर्तीवर रचलेली आहे. दोन घराण्यांच्या वैराऐवजी येथे दोन वस्त्या आणि दोन बोली समोरासमोर येतात. जूलीच्या मैत्रिणींना रँडीचे बोलणे व पोशाख परके वाटतात आणि त्याला त्यांचे बोलणे हास्यास्पद वाटते. जूलीचे आईवडील पूर्वाश्रमीचे हिप्पी आहेत. एके काळी बंडखोर असलेली त्यांची राहणी मुलीला जुनाट वाटते. प्रत्येक पिढी स्वतःची भाषा व वेष घडवते आणि पुढची पिढी तो मोडीत काढते, हे त्यातून सहज दिसते. अल्प खर्चात तयार झालेला हा चित्रपट चांगला चालला. इ.स. २०२० मध्ये त्याची संगीतमय पुनर्निर्मिती झाली.

हेकरलिंग यांचाच 'क्लूलेस' (इ.स. १९९५) हा चित्रपट जेन ऑस्टिन यांच्या 'एमा' या कादंबरीवर आधारलेला असून तो बेव्हर्ली हिल्समध्ये घडतो. त्यातील श्रीमंत मुली डोंगरापलीकडच्या खोऱ्याला तुच्छ मानतात. मात्र 'ॲज इफ' आणि 'व्हॉटेव्हर' हे प्रयोग त्यांच्याच तोंडी आहेत. १२-१३ वर्षांत ही भाषा डोंगर ओलांडून दक्षिणेला गेली होती, एवढेच नव्हे तर प्रतिष्ठितही झाली होती.

या चित्रपटांकडे त्या काळच्या बोलीची विश्वसनीय नोंद म्हणून पाहताना सावधगिरी बाळगावी लागते. पटकथालेखक खरी बोली ऐकतात, पण तिच्यातील ठळक शब्द निवडून ते दाटीवाटीने वापरतात. प्रत्यक्ष संभाषणात तासाभरात एखाद-दुसऱ्यांदा येणारा शब्द चित्रपटात मिनिटामिनिटाला ऐकू येऊ शकतो. काही वेळा तर शब्द लेखकाचेच असतात. 'हेदर्स' (इ.स. १९८९) या चित्रपटाचे लेखक डॅनियल वॉटर्स यांनी, खरी स्लँग लवकर जुनी होते म्हणून, पात्रांसाठी स्वतःच नवे शब्द बनवले. 'मीन गर्ल्स' (इ.स. २००४) मध्ये एक मुलगी 'फेच' हा शब्द रूढ करू पाहते आणि तिची मैत्रीण तिला गप्प करते. असे शब्द हुकमाने रुजत नाहीत, यावरच तो विनोद आधारलेला आहे. चित्रपट पाहिलेल्या पिढीला पुढे आपण हा शब्द शाळेत वापरत होतो की पडद्यावर ऐकला होता, हे वेगळे करणे अवघड जाते.

टीका आणि उपहास

व्हॅलीस्पीकवर शिक्षक, पालक आणि स्तंभलेखक यांनी टीका केली. या बोलीमुळे विचारशक्ती मंदावते, इंग्रजीचा ऱ्हास होतो आणि नोकरीच्या मुलाखतीत मुलींचे नुकसान होते, असे आक्षेप घेतले गेले. यांतील शेवटच्या आक्षेपात तथ्य होते, पण त्याचे कारण बोलीत नसून ऐकणाऱ्याच्या पूर्वग्रहात होते. शब्द कसाही असो, तो 'व्हॅली गर्ल'च्या सुरात आला की बोलणारी उथळ आहे असे गृहीत धरले जाई.

या उपहासाला स्त्री-पुरुषभेदाची बाजूही होती. स्पिकोलीसारख्या पात्रांच्या तोंडी तीच भाषा आली की तो निरुपद्रवी, आवडता मुलगा ठरे. मुलीच्या तोंडी आली की ती अक्कलशून्य ठरे. भाषावैज्ञानिक रॉबिन लेकॉफ यांनी 'लँग्वेज अँड वुमन्स प्लेस' (इ.स. १९७५) या पुस्तकात स्त्रियांच्या विधानांतील चढत्या सुराकडे लक्ष वेधले होते. म्हणजे व्हॅलीस्पीकचा बोलबाला होण्यापूर्वीच स्त्रियांच्या सुराची चर्चा सुरू झाली होती. २१ व्या शतकात तरुणींच्या आवाजातील खरखर, म्हणजे 'व्होकल फ्राय', हाही अशाच टीकेचा विषय झाला.

भाषावैज्ञानिक अभ्यास

'लाइक'च्या साहाय्याने संभाषण सांगण्याची रचना रोनाल्ड बटर्स यांनी इ.स. १९८२ मध्ये 'अमेरिकन स्पीच' या नियतकालिकात नोंदवली. योगायोगाने झॅपा यांच्या गाण्याचे वर्षही तेच. इ.स. १९९९ मध्ये सॅली टॅग्लियामोंटे आणि रेचल हडसन यांनी ब्रिटन व कॅनडातील तरुणांच्या बोलण्यातही ही रचना आढळते, असे दाखवले. अलेक्झांड्रा डार्सी यांनी इ.स. २०१७ मधील आपल्या ग्रंथात 'लाइक'च्या विविध उपयोगांचा आठशे वर्षांचा इतिहास मांडला. त्यातून हा शब्द नियमांनुसार ठरावीक जागीच येतो आणि त्याचे अनेक उपयोग फार जुने आहेत, हे स्पष्ट झाले.

चढत्या सुराबाबतही समजुती बदलल्या. इ.स. १९८० च्या दशकात ऑस्ट्रेलियातील सिडनी शहरात झालेल्या संशोधनात तेथील बोलण्यातही हा सूर नोंदवला गेला. म्हणजे त्याचा उगम एकट्या कॅलिफोर्नियात शोधता येत नाही. इ.स. २०१३ मध्ये अमांडा रिचर्ट आणि अमालिया अर्वानिती यांनी दक्षिण कॅलिफोर्नियातील तरुणांचा अभ्यास सादर केला. त्यात स्त्रियांप्रमाणे पुरुषही हा सूर वापरतात आणि विधान व प्रश्न यांतील चढ एकसारखा नसतो, असे आढळले. 'माझे बोलणे संपलेले नाही' किंवा 'लक्ष आहे ना?' हे सुचवण्यासाठीही तो उपयोगी पडतो. त्यामुळे तो आत्मविश्वासाच्या अभावाचे लक्षण मानता येत नाही.

विल्यम लबोव्ह यांच्या संशोधनानुसार भाषेतील अनेक बदलांत स्त्रिया पुरुषांच्या पुढे असतात. खोऱ्यातील मुली याला अपवाद नव्हत्या. जे बोलणे वेंधळेपणाचे म्हणून हसण्यावारी नेले गेले, त्यात पुढील पिढीच्या इंग्रजीची चाहूल होती.

ऱ्हास आणि वारसा

गटबोलीचे आयुष्य अल्प असण्याचे कारण तिच्या कार्यातच असते. 'आपण' आणि 'बाहेरचे' यांतील रेषा दाखवणे हे तिचे एक प्रमुख काम. पालक, जाहिराती आणि विनोदी कार्यक्रम तोच शब्द वापरू लागले की ती रेषा पुसली जाते आणि मुले तो शब्द टाकून देतात. व्हॅलीस्पीकच्या बाबतीत हे फार वेगाने घडले. इ.स. १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत 'ग्रोडी' किंवा 'ट्यूब्युलर' म्हणणे हे फॅशनमध्ये मागे पडल्याचे चिन्ह झाले होते. 'ऑसम', 'टोटली' आणि 'व्हॉटेव्हर' यांसारखे मोजके शब्द मात्र सर्वसाधारण इंग्रजीत मिसळून गेले.

वाक्यरचना आणि सूर टिकले, कारण ते सहजासहजी लक्षात येत नाहीत. शब्द ठरवून टाळता येतो. सूर व रचना नकळत उचलली जातात आणि वय वाढल्यावरही जिभेवर राहतात. इ.स. १९८० च्या दशकातील किशोरवयीन मुली आज आजी होण्याच्या वयात आहेत आणि त्यांची 'लाइक'ची रचना त्यांच्या मुला-नातवंडांच्या तोंडीही ऐकू येते. इंग्रजीतून शिक्षण घेतलेल्या भारतीय तरुणांच्या बोलण्यातही ती आढळते. मराठी संभाषणात मध्येच इंग्रजी वाक्य आले, तर त्यासोबत ती मराठीतही डोकावते.

शर्मन ओक्स गॅलेरियाची जुनी बंदिस्त वास्तू इ.स. १९९९ मध्ये बंद करण्यात आली आणि इ.स. २००२ मध्ये तो परिसर खुल्या रचनेत नव्याने सुरू झाला. जुना मॉल आता 'फास्ट टाइम्स ॲट रिजमाँट हाय' सारख्या चित्रपटांतच पाहता येतो, आणि 'ग्रोडी टू द मॅक्स' हे शब्दही बहुधा तसल्याच चित्रपटांत ऐकू येतात.